पंखा कुणी बसवला?

३ एप्रिल १९५७, बुधवार

पुन्हा उकळला! वडीगोद्रीच्या अलीकडे, सरकीची पोती भरलेली, दुपारचं ऊन — आणि ट्रक वाफ सोडत उभा. कचरू ड्रायव्हर विहिरीवरून घागरी आणून आणून दमला. दुरुस्तीच्या शेडमध्ये आल्या आल्या माझ्यावरच ओरडला, "धर्मराज, इंजिन बसवलं का चूल मांडली रे?"

महाशिवरात्रीला आम्ही महायुद्धाच्या वेळच्या या ट्रकचं जुनं पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल बसवलं. तेव्हापासून ही पाचवी खेप. नवं इंजिन लांब, आणि बसतंही खाली. त्यामुळे पंखा वीतभर खाली आला. महताब उस्तादांनी दोरी धरून, पट्टी लावून त्याची जागा ठरवली. मी फक्त नट आवळले. पंधरा वर्षं त्यांच्या हाताखाली आहे, त्यांचं माप चुकलेलं पाहिलं नाही. आता वाटतं, वय झालं की काय.

५ एप्रिल

रेडिएटर उतरवला, सोडा घालून धुतला, परत चढवला. पाणी ओतलं, पाणी उकळलं. झालं!

९ एप्रिल, मंगळवार

ट्रकचे मालक बालकिशनशेठ शेडमध्ये आले. खुर्ची दिली तर बसले नाहीत. "अक्षय तृतीयेपर्यंत बघतो. तवर न्हाई जमलं तर औरंगाबादचा मिस्तरी आणतो. मंग उस्तादानं खुशाल घरी बसावं."

घरी! उस्तादांचं घर म्हणजे ही शेडच. बायको जाऊन चार वर्षं झाली. मुलगी हैदराबादेत, जावई सारखा बोलावतो. पण हे जात नाहीत. "उसकी कबर पे जुमेरात को दिया कौन लगाएगा?" म्हणतात. दर गुरुवारी पाच वाजले की हात धुतात आणि जातात.

शेठबरोबर त्यांची आई, भगवतीदेवी, आल्या होत्या. त्यांनी ट्रकच्या पुढच्या जाळीवरच्या पाटीला हळदकुंकू लावलं. आठ वर्षांपूर्वी ट्रक नदीत जाता जाता वाचला, तेव्हा त्यांनी राजूरच्या गणपतीला बोललेला नवस — "श्री गणपती प्रसन्न", जेवायच्या पाटाएवढी पत्र्याची पाटी. मीही रोज सकाळी तिला हात जोडतो, मगच पाना उचलतो. हल्ली जरा जास्तच वेळ जोडतो.

१४ एप्रिल, रविवार

उस्तादांनी तेलाच्या डब्यांचा पत्रा कापून पंख्याभोवती घेर केला. हवा इकडंतिकडं पळू नये, सगळी रेडिएटरमधूनच ओढली जावी म्हणून. सुरेख काम! अंबडपर्यंत मीच बरोबर गेलो. देव पाण्यात घालून बसलो होतो म्हणा ना. गावाची झाडं दिसायला लागली आणि उष्णतेचा काटा चढला. उकळलाच.

परत आल्यावर उस्ताद ट्रकच्या तोंडासमोर कितीतरी वेळ उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "हवा को सामने से रस्ता होना, बेटा."

मी म्हटलं, "रस्ता तर मोकळाच आहे की!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फडक्याला हात पुसले. "हौ," म्हणाले, "मोकळाच है."

पूर्वी असं अर्धवट बोलायचे नाहीत. पाना चुकीचा धरला तर अख्ख्या बाजारापुढं शिवी द्यायचे. अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शननंतर शब्द मोजून वापरतात. पुढची जाळी पुसायची असली की मलाच हाक मारतात, स्वतः हात लावत नाहीत. मला त्यांचा राग यायला लागलाय. सांगायचं तर सरळ सांगावं माणसानं!

२० एप्रिल, शनिवार

कचरू भाजला.

अंबडच्या रस्त्यावर रेडिएटरचं झाकण उघडायला गेला. वर गोणपाट टाकायचं असतं, थोडं थांबायचं असतं — रोजच्या उकळण्याला कंटाळला होता बिचारा. गळा आणि उजवा हात. दवाखान्यात त्याची बायको चतुराबाई एकच विचारत होती, "हात चालंल ना, भाऊ?" मी हो म्हणालो. मला काय माहीत?

शेठ थेट शेडमध्ये आले. उस्ताद तिथंच, चार हातांवर. शेठनी मात्र मला विचारलं, "पंखा कुणी बसवला?"

मी म्हणालो, "उस्तादांनी."

खोटं नव्हतं. पण नट मी आवळले होते, हे मी बोललो नाही. नंतर मी गुपचूप मोजलं तेव्हा माझंही माप तेच आलं होतं, हेही बोललो नाही.  एका शब्दानं उस्तादांनी मला खोटं पाडलं नाही. 

२१ एप्रिल

उस्तादांनी सगळी हत्यारं रॉकेलनं पुसली आणि माझ्या पेटीत लावून ठेवली. मी "ठेवू नका" म्हणालो नाही.

२४ एप्रिल, बुधवार

उस्ताद गाडीनं गेले हैदराबादला. एक ट्रंक, एक वळकटी. मी स्टेशनवर गेलो होतो, पण मालधक्क्याच्या बाजूलाच उभा राहिलो. तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. उद्या गुरुवार.

२९ एप्रिल

आता मी मिस्तरी! पंखा जरा वर घेतला, तर घेरातून बाहेर आला — जास्तच उकळला. जास्त पात्यांचा दुसरा पंखा लावला — तसाच. पुढं सरकवला, रेडिएटरला घासला. शेवटी होता तिथंच परत बसवला, उस्तादांच्या खुणेवर, त्यांच्याच घेरात. नाचता येईना अंगण वाकडं, अशी माझी गत. मला काही येत नाही, हे एवढंच आता पक्कं कळलंय. कचरूच्या हाताची बोटं वळत नाहीत अजून.

१ मे, बुधवार

उद्या अक्षय तृतीया. भगवतीदेवींचा निरोप आला — पाटीचा रंग उडालाय, सणाला नवी दिसली पाहिजे. पेंटर ती काढून घेऊन गेला. ट्रकला मात्र भाडं आहे, वडीगोद्रीचं. जाऊ दे. उकळायचाच आहे.

२ मे, गुरुवार

भरल्या पोत्यांनिशी वडीगोद्रीला जाऊन आला. भर दुपारी. मी स्वतः चालवला. काटा हलला नाही. जाळीसमोर हात धरला तर हवेनं तळवा ओढला जात होता — बरोबर पाटी असते त्या जागी. जुना पंखा तिच्या वर फिरायचा, नवा तिच्या मागं. घरी न जाता कबरस्तानात गेलो, पाच वाजता, दिवा घेऊन. कबर कोणती ते माहीत नाही. हैदराबादचा पत्ताही मी कधी विचारला नव्हता.

उस्तादांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. गणपतीची पाटी काढा, असं त्यांना म्हणता येत नव्हतं. मला येत होतं.