डोक्यावरचं वजन

माय,

तू होतीस तोवर मी लग्नाच्या मांडवात साऊंडचे बॉक्स ठेवायचो, एवढं तुला ठाऊक होतं. ते बॉक्स जमिनीवर असायचे. पहिली जोडी घेतली तेव्हा टेंपोत घासू नये म्हणून तू जुन्या लुगड्यांची जाड वाकळ शिवून दिलीस. मग तू काविळीनं गेलीस, आणि पुढं माझं काय झालं ते सांगायचं राहिलं. आता नांदेडात माझं दुकान आहे. कुणाचं मंगल कार्यालय, कुठली शाळा, कुठं मशीद, कुठं नाट्यगृह, तिथं स्पीकर कायमचे बसवून देणं हे माझं काम. नायगावपासून उदगीरपर्यंत हिंडतो. हे स्पीकर भिंतीला किंवा छताला टांगायचे असतात. माणसाएवढ्या वजनाचे, कधी त्याहून जड. ते वर लटकतात आणि खाली लोक बसतात, जेवतात, नमाज पढतात, लेकरं मांडीवर घेऊन झोपवतात. तुझा मुलगा लोकांच्या डोक्यावर वजनं टांगून पोट भरतो, हे तुला सांगायला तोंड उघडत नव्हतं. तू काय म्हणशील ते मला माहीत आहे.

भूकंपाच्या आधी आपल्या घरात सगळंच टांगलेलं होतं. दुधाचं शिंकं, कांद्याच्या माळा, कंदील, खुंटीवर बापाचा सदरा, तो मेल्यावरही तसाच. मग माळवद खाली आलं आणि आजी-आजोबा त्या माती-दगडाखाली गेले. आपण दोघं अंगणात झोपलो होतो म्हणून वाचलो, दुसरं काही कारण नाही. पत्र्याच्या शेडमधले दिवस मला अर्धेमुर्धे आठवतात, पण लातूरला खोली घेतली तो दिवस लख्ख आठवतो. सामान अजून दारातच आहे, आणि तू पक्कड मागून आणून भिंतीतले खिळे उपटतेस. एकूण एक. घरमालकीण दारात उभी राहून बघतेय. संध्याकाळी तिनं देवाच्या तसबिरी भुईवर भिंतीला टेकवलेल्या बघितल्या आणि म्हणाली, "देव असे खाली ठेवतेत व्हय, बाई?" तू मान वर न करता म्हणालीस, "देवाला पडायची भीती न्हाई. मला हाय." ती खोली सोडेपर्यंत आपल्या घरात कॅलेंडरसुद्धा टांगलं गेलं नाही. शाळेतले मित्र घरी आले की मला लाज वाटायची.

मुलींच्या त्या वसतिगृहात तू भाकरी थापायला जायचीस. मी तेव्हा आयटीआयला होतो, आणि जुन्या टेपरेकॉर्डरचे स्पीकर काढून लाकडी पेटीत बसवायचं वेड लागलं होतं. वसतिगृहात स्नेहसंमेलन होतं. मुली म्हणाल्या, जेवताना गाणी लावा. मी जेवणघराच्या पत्र्याखालच्या पाइपाला बांधकामाच्या तारेनं पेटी टांगली आणि गाणं सुरू केलं. मुली खूश. तेवढ्यात तू स्वयंपाकघरातून बाहेर आलीस, दोन्ही हातांना पीठ. आधी वर बघितलंस, मग खाली पंगतीकडं, मग माझ्याकडं.

"काय करायलास?"

"गाणी लावली. ऐक की."

"उतर ते."

"पडत न्हाई, माय." पडत नाही हे दाखवायला मी स्टुलावर चढलो, पेटीला दोन्ही हातांनी धरलं आणि पाय वर घेतले. लोंबकळलो. "बघ! माझं वजन पेललं की."

"तू वढून बघितलंस," तू म्हणालीस. "भुईनं वढून बघितलं का?"

सगळी पंगत हसली. मला मात्र भयंकर राग आला. पेटी उतरवली, एका कोपऱ्यात स्टुलावर ठेवली आणि न जेवता निघून गेलो. घरी आल्यावर तू समजूत घातली नाहीस. ताट वाढून झाकून ठेवलंस आणि दुसऱ्या दिवशीच्या भाकऱ्यांचं पीठ चाळत बसलीस.

पुढं या धंद्यात शिकलो की शांत लटकलेलं वजन वेगळं आणि हिसका बसलेलं वजन वेगळं. हिसक्याला तेच वजन कितीतरी पटीनं जड होतं. म्हणून नेहमीच्या वजनाहून कितीतरी जास्त पेलेल असंच सामान घ्यायचं, उघडा हूक वापरायचा नाही, नट आपोआप सैल होणार नाही असा लावायचा, आणि प्रत्येक स्पीकरला दुसरी तार द्यायची. पहिली सुटली तर दुसरीनं धरावं म्हणून. ती दुसरी तार ढिली ठेवायची नाही, नाहीतर पडता पडता तिलाच हिसका बसतो. हे कळलं तेव्हा तुझं वाक्य आठवलं. पण मला तुला शहाणी करून ठेवायचं नाही. तुला यातलं काही ठाऊक नव्हतं. तू घाबरलेली होतीस, बस. ती भीती माझ्या अंगात कधी आली ते मला समजलं नाही. आता कुठल्याही लग्नात गेलो की आधी वर बघतो. बायको म्हणते, "लोक नवरी बघतात, तुम्ही छत बघता."

गेल्या महिन्यात लातूरहून फोन आला. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेणारा मोठा क्लास, तो आहे त्या रस्त्यावर तुझ्या वेळी ज्वारीची शेतं होती. त्यांच्या हॉलमधला स्टेजच्या डाव्या अंगाचा स्पीकर खरखरतो, बघून जा म्हणाले. सकाळी पोचलो. हॉल रिकामा होता. शिडी लावून छताच्या पांढऱ्या पीओपीतली एक चौकट उचलली, टॉर्च घेऊन आत डोकं घातलं. स्पीकर लटकत होता तो त्या पीओपीच्याच पत्र्याच्या पट्टीला. ती पट्टी फक्त पीओपी धरायला असते. छताचा भार पेलणारी खरी लोखंडी कैची त्याच्यावर हातभर अंतरावर होती, तिला कुणी हातही लावला नव्हता. पट्टी खाली वाकलेली. साखळी कुत्र्याला बांधतात तसली, आणि ती उघड्या हुकात अडकवलेली. दुसरी तार नाहीच. आवाजाच्या हादऱ्यानं एक नट फिरत फिरत पार टोकाला आला होता. उजव्या बाजूला जाऊन बघितलं, तिकडंही तेच.

मी वर असतानाच खाली दार उघडलं आणि मुलं आत यायला लागली. चाचणी परीक्षा होती. पाठीवर सॅक, हातात पॅड, कुणी पुटपुटत सूत्रं पाठ करतंय. पुढच्या रांगा आधी भरल्या, हुशार मुलं पुढं बसतात. मी खाली येऊन व्यवस्थापकाला म्हणालो, "पुढच्या रांगा उठवा." तो म्हणाला, "टेस्ट होऊ द्या की, मग बघू."

"मग नाही. आत्ता."

"तुम्ही साऊंडचं बघा ना साहेब."

मी स्टेजवर गेलो आणि माइक सुरू केला. असं मी आयुष्यात कधी केलं नाही, माय. माझा आवाज त्याच दोन स्पीकरांतून त्या मुलांवर पडत होता, आणि मला वाटत होतं, आता या आवाजानंच ते सुटतील. म्हणालो, "या दोन स्पीकरांच्या खाली आणि आसपास जे बसलेत त्यांनी उठून मागं जावं. सावकाश. सॅक राहू द्या." कुणी हललं नाही. सगळे एकमेकांकडं बघतात. पहिल्या रांगेतली एक मुलगी, तेल लावून घट्ट वेणी घातलेली, बोलण्यावरून देवणीकडची वाटली, तिनं बसल्या जागेवरून विचारलं, "काका, पडंल का खरंच?"

काय सांगणार होतो? पडेल म्हणालो असतो तर ते खोटं झालं असतं. "ठाऊक न्हाई, बाळा," मी म्हणालो, "पण तू तिथं बसू नको."

तिनं वर बघितलं. मग पॅड उचललं आणि उठली. ती उठली तशी तिची रांग उठली, मग पलीकडची. क्लासचे मालक धावत आले तेव्हा पुढचा सगळा भाग रिकामा होता आणि मुलं मागं दाटीवाटीनं भिंतीला टेकून उभी होती. मालक मला हाताला धरून बाजूला घेऊन गेले. "तुम्ही पोरांना घाबरवलंत. यांची परीक्षा तोंडावर आहे. घरी फोन जातील, पालक येतील, मी काय सांगू त्यांना?" माणूस वाईट नाही, त्यांचाही जीव त्या मुलांत अडकलेला. मी एवढंच म्हणालो, "सर, एकदा शिडीवर चढा. बघा. मग मला हाकला." इस्त्रीची पँट सावरत ते चढले, आत डोकं घालून बराच वेळ उभे राहिले. उतरले तेव्हा पांढऱ्या धुरळ्यानं केस भरले होते. म्हणाले, "उतरवा."

स्पीकर खाली घेताना मी वाट बघत होतो की पट्टी तुटेल, हूक सरळ होईल, काहीतरी होईल. काही झालं नाही. दोराला बांधून अलगद खाली आले. मालक साखळी हातात घेऊन उलटीसुलटी करत होते. "टिकलं असतं की हो," ते म्हणाले, जरा हसून, जरा विचारल्यासारखं. टिकलं असतं कदाचित. माझ्या धंद्यात मी बरोबर होतो हे कधीच सिद्ध होत नाही, माय. मी बसवलेलं काही पडलं नाही तर कुणाला काही दिसत नाही, आणि पडलं तर फार उशीर झालेला असतो. त्या दिवसापासून चैन नाही. कंधारला एका कार्यालयात मी बसवलेले स्पीकर आहेत, ते उगीच जाऊन तपासून आलो. सगळं घट्ट होतं. परत येताना बसमध्ये वाटलं, मागचा बोल्ट नीट बघितला का? पुढच्या थांब्यावर उतरून परत गेलो. बघितला होता.

आज रविवार. लातूरच्या त्या हॉलमध्ये नवं काम पूर्ण केलं. इमारतीच्या इंजिनिअरला बोलावून कैचीवर किती भार चालेल ते विचारून घेतलं, कैचीलाच लोखंडी पकड बसवली, बंद कड्या, पोलादी दोर, दुसरी तार वेगळ्या जागी. स्पीकर चढवण्याआधी त्या जागी वाळूची पोती टांगली, स्पीकरच्या वजनाहून कितीतरी भारी, आणि दिवसभर तशीच ठेवली. दोर तसूभरही हलला नाही. आता स्पीकर वर आहेत, माणसं चहाला गेलीत, आणि हॉलमध्ये मी एकटा आहे. कुणाचं तरी रेकॉर्ड केलेलं व्याख्यान लावून ठेवलंय, हृदयाच्या कप्प्यांबद्दल. आवाज स्वच्छ येतोय.

तुला वाचता येत नव्हतं. मामाची पत्रं यायची तीसुद्धा मीच वाचून दाखवायचो, आणि मधे एखादं वाक्य गाळलं तरी तुला कळायचं. हे पत्र टाकायला जागा नाही आणि वाचून दाखवायला माझ्याशिवाय कुणी नाही. तेव्हा काही गाळत नाही. हे लिहायला घेतलं तेव्हा मी मुद्दाम डाव्या स्पीकरच्या बरोबर खाली बसलो होतो. माझंच काम, माझ्याच हातानं पारखलेलं, त्याखाली मी नाही बसायचं तर कुणी? सामानात काही खोट नाही. पुन्हा विचारलंस तरी हेच सांगेन. पण हे शेवटचं पान मी मागच्या रांगेत येऊन लिहिलंय.