सोडलेल्यांचा बाण

नवापूर,
नोव्हेंबर १९६४

प्रिय नारसिंग,

तुझं पत्र आणि त्यातली ती आकृती मिळाली. धाकटा भाऊ पुण्याला जाऊन दारूचं गणित मांडतो, हे शाळेत सांगितलं तर हेडमास्तर हसतील, म्हणून अजून सांगितलेलं नाही. चौथीपर्यंतचं गणित शिकवणारी मी. तुझी समीकरणं डोक्यावरून गेली, पण चौकोन आणि बाण कळले. न पिणारे, पिणारे आणि सोडलेले. न पिणाऱ्यांच्या आणि पिणाऱ्यांच्या जितक्या भेटी, तितके नवे पिणारे. सोडलेल्यांच्या चौकोनातून बाहेर जाणारा बाण एकच, परत पिणाऱ्यांकडे. म्हणून तू लिहिलंस की आबांना त्यांच्यासोबत पिणाऱ्या जामसिंगकाकांपासून आणि पिण्याच्या सगळ्या बैठकांपासून लांब ठेवा. बाकी तुझं अक्षर फार बिघडलंय हं. ओळी उताराला लागल्यासारख्या गेल्या आहेत.

तुझा उपाय आम्ही मनापासून केला. डॉक्टरांनी यकृताचं सांगितल्यापासून आबांनी थेंब घेतलेला नव्हता, तो नेम मोडू नये एवढीच सगळ्यांची धडपड. कुणी बोलवायला आलं की आई दारातूनच परत पाठवायची. आबा प्यायले नाहीत, पण बोलेनासेही झाले. अंगणात बसून दोर वळायचे आणि वळलेला पुन्हा उलगडायचे. मला वाटलं, माणूस वाचला खरा, पण आपल्या हाती काय उरलं?

मग नव्या धान्याची पूजा आली. पूर्वजांना मोहाच्या दारूची धार दिल्याशिवाय आपल्याकडे नवा दाणा कुणी तोंडात घालत नाही, आणि धार द्यायची ती घरातल्या थोरल्याने. सरकारने दारूबंदी केली, पण ती मोहाच्या झाडाला आणि वाडवडिलांना कोण सांगणार? आबा पूजेला गेले. आई चुलीपाशी बसून राहिली, मी मागोमाग गेले. आबांनी धार दिली आणि रिंगणात आपल्या जागी बसले. दारूने भरलेला पळसाच्या पानाचा द्रोण फिरत त्यांच्यापर्यंत आला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि पुढे दिला. कुणाचा अपमान झाला नाही, कुणी उठून गेलं नाही. शेजारी जामसिंगकाका होते. ते थोडा वेळ द्रोणाकडे बघत राहिले आणि त्यांनीही तसंच केलं. पुढच्या बैठकीत फुलीबाईच्या नवऱ्यानेही कपाळाला लावून पुढे सरकवला. बाकीचे पितात, पिऊ देत. आबा आता पुन्हा बडबडतात, आईला तर नको झालंय.

तेव्हा तुझ्या आकृतीत एक बाण कमी आहे, बाबा. भेटीने दारू लागते हे खरं, पण भेटीने सुटतेसुद्धा. सोडलेल्यांच्या भेटीने पिणाऱ्यांकडून सोडलेल्यांकडे येणारा एक बाणही काढून बघ. त्याचं समीकरण तूच मांड, मला जमायचं नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. बाजारातले भिकनभाऊ हातसडीचे तांदूळ घेऊन तुझ्या खोलीवर आले होते ना? ते परत आल्यावर मी त्यांच्या दुकानात गेले, तेव्हा आधी घुटमळले, मग हळूच म्हणाले, "रेवाबाई, तुन्हा भाऊ एकलाच बशीसन पी ऱ्हायना." दोन दिवाळ्या तू का आला नाहीस, ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. रागावले नाही रे, फार रडले. एकट्याने पिणाऱ्याला कुणाची भेटच नाही, मग त्याची सुटायची कशी? आईला सांगितलेलं नाही, आबांना सांगितलं. त्यांनी हातातला दोर खाली ठेवला. मग म्हणाले, त्याला घरी बोलाव, रिंगणात माझ्या शेजारी बसव. पहिल्यांदा द्रोण पुढे देताना हात फार थरथरतो, म्हणाले, मी खालून धरीन.

तुझी वाट बघणारी, तुझीच
रेवा