आर्लीनची मुलाखत

२५ ऑगस्ट, सोमवार
सत्राचा पहिला दिवस. स्टिअरिंग इतकं तापलं होतं की ओव्हनचे हातमोजे घालून गाडी चालवली. पार्किंगपासून वर्ग पाऊण मैल. या फीनिक्समध्ये दर आठवड्याला एक नवी इमारत उभी राहते, सावली मात्र कुणी बांधत नाही.

एकोणसत्तर हेच मानववंशशास्त्र शिकायचं खरं वय. दातांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं रिसेप्शनला होते. माणसानं तोंड उघडण्याआधीच तो मला कळतो. वर्गात मुलं स्लिपर घालून येतात. आमच्या शाळेतल्या नन, सिस्टर इमेल्डांनी, दारातूनच परत पाठवली असती.

मागच्या सत्रात संख्याशास्त्र गेलं. शिकवणाऱ्याचा उच्चार वाईट. आता विद्यापीठाचं पत्र आलंय, आणखी एक विषय गेला तर प्रवेश रद्द. लेकीचा, ब्रिजिटचा, डेन्व्हरहून फोन. म्हणाली, आई, कशाला हा ताप? पत्त्यांच्या क्लबात जा ना. पदवीदान समारंभाला नवा ड्रेस शिवून ये, म्हटलं.

९ सप्टेंबर, मंगळवार
असाइनमेंट मिळाली. ‘या शहरात नवी आलेली माणसं ओळखी कशा करतात?’ एका माणसाची तासभर मुलाखत रेकॉर्ड करायची आणि शब्दन् शब्द उतरवायचा. निम्मे गुण यालाच. प्रोफेसर ओचोआ (वय चौतीस, नाकात खडा) म्हणाल्या, प्रश्न विचारा आणि गप्प बसा. समोरच्याला दुरुस्त करू नका.

सोपं आहे.

१ ऑक्टोबर, बुधवार
वर्गात सराव. माझा जोडीदार केडन. सकाळचा नाश्ता दुपारी दीडला करतो म्हणाला. त्याला पित्ताबद्दल दोन शब्द सांगितले. तर म्हणतो कसा, मॉरीन, ही मुलाखत आहे की झडती? सगळा वर्ग हसला. मोठ्या बाईला नावानं हाक मारणाऱ्यांकडून आणखी काय अपेक्षा करायची!

१४ ऑक्टोबर, मंगळवार
माणूस सापडला. शेजारची आर्लीन. नवरा गेल्यावर मार्चमध्ये मिनेसोटाहून इथे आली. सात महिन्यांत आमचं नुसतं हात हलवणं झालंय. फारच एकटी दिसते बिचारी. कुंपणाच्या भिंतीवरून विचारलं, मुलाखत द्याल का? म्हणाली, बरं. तिच्या मानानं हे भाषणच.

२८ ऑक्टोबर, मंगळवार
मुलाखत उत्तम झाली! आर्लीन भोपळ्याचा केक घेऊन आली. मी पहिला प्रश्न विचारला, इथे ओळखी कशा केल्यात? ती म्हणाली, अजून तशा नाहीतच. तुम्ही कशा केल्या? लाजाळू माणसाला खुलवायचं तर आधी आपण जरा बोलावं लागतं. जरासंच.

१९ नोव्हेंबर, बुधवार
उतरवून झालं. वीस पानं. आर्लीनच्या वाट्याला दीड. रेकॉर्डर माझ्या बाजूला ठेवला होता, त्याचा परिणाम.

नावं द्यायची नाहीत असा नियम, म्हणून मी ‘पहिली व्यक्ती’ आणि ती ‘दुसरी’. पहिली व्यक्ती आठ पानं अंगणातल्या खडीच्या रंगावरून सोसायटीला लिहिलेल्या पत्रांवर बोलते. दोन पानं पलीकडच्या म्हाताऱ्यावर. अकरा वर्षांचा शेजार. तो गेल्याचं मला कळलं ते त्याच्या घरावर ‘विकणे आहे’ पाटी लागली तेव्हा. हे मी कधी बोलले? दुसरी व्यक्ती म्हणते, हं. मग? पाणी आणू का?

माझ्या घरात मलाच पाणी!

२४ नोव्हेंबर, सोमवार
मुदतवाढ मागितली. नाही मिळाली. केडन म्हणाला, परत घ्या ना मुलाखत. आर्लीन नाताळ होईपर्यंत मुलाकडे गेलीय. वीस पानं दिली तशीच. पाय दुखतात. ब्रिजिटला काही कळवलं नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार
ओचोआंची ईमेल. ए मायनस!

लिहितात, मॉरीन, तुमच्याकडून इतक्या संयमाची अपेक्षा नव्हती. ‘पाणी आणू का’ याखेरीज तुम्ही जवळजवळ बोलतच नाही. इतक्या एकट्या बाईला मोकळं करणं सोपं नसतं. अकरा वर्षांत तिला कुणी काही विचारलंच नसावं. फक्त तिचा संमतीचा फॉर्म फायलीत नाही. सोमवारपर्यंत द्या, म्हणजे गुण पक्के.

एकटी? मी? खरमरीत उत्तर लिहिलं. तीनदा लिहिलं. तीनदा पुसलं.

१४ डिसेंबर, रविवार
चर्चहून येऊन फॉर्म छापला. आर्लीनची खोटी सही करणं शक्य नाही. तेवढं तरी नन्सनी शिकवलंय. ‘मुलाखत देणाऱ्याचं नाव’ यापुढे माझंच नाव लिहिलं, ठळक अक्षरात. खाली टीप लिहिली, पहिली व्यक्ती ती मी. आता ए मायनसचं जे व्हायचं ते होवो.

सहीआधी फॉर्म वाचून दाखवावा असा नियम आहे. मी तो स्वतःला मोठ्यानं वाचून दाखवला. कलम चार : आपण ही मुलाखत कधीही थांबवून उठून जाऊ शकता.

आर्लीनला हे कुणी सांगितलंच नव्हतं. की तिला ठाऊक होतं, आणि तरी ती बसून राहिली?