आई गाळून देते

४ नोव्हेंबर
काल सकाळी संडासात दोन बादल्या पाणी जास्त ओतलं. वाकून बघितलं, कुठे तांबडं राहिलं नाही ना. मग आणखी एक बादली. लाल माठाची भाजी आठ दिवसांत घरात झालेली नाही. म्हणजे ते रक्तच.
आई पडवीत नारळ खवत होती. "इतका पाणी कित्याक रे?"
"पाल होती," म्हटलं.
खोटं बोलून आलो आणि तसाच देवाला फूल वाहिलं. रक्ताची ही तिसरी वेळ.

५ नोव्हें.
आज झालं नाही. उद्या तिसरा दिवस. पोट दगडासारखं.
दिवसभर भाताची झोडणी. शेजारचा बाबलो आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "भात लावतलो हो आणि अंडी खातलो हो! मगे ह्यो तांदूळ काय उंदरांक?" हसलो. दुसरं काय करणार.
सहा महिन्यांपूर्वी साखर निघाली. डॉ. म्हणाले होते, भात कमी करा. मी सगळंच टाकलं. भात, पेज, आंबोळी, भाकरी. दादाचा पाय डोळ्यांसमोर होता. माझा थोरला भाऊ. अंगठ्याची जखम दोन महिने फडक्यात गुंडाळून लपवली त्याने, आईला कळू नये म्हणून. आधी पाय गेला, मग तो. तीन वर्षं झाली. आई अजून म्हणते, साखर असताना मीच त्याला पेज वाढत राहिले.
आता घरात आम्ही दोघंच.

७ नोव्हें.
मालवणला जाऊन आलो. आईला सांगितलं, साखर तपासायला जातो. साखर बरी आहे. मग दार लावून डॉक्टरांना रक्ताचं सांगितलं.
डॉक्टरांनी विचारलं, रोज काय खाता? अंडी, बांगडे, सोलकढी, भाजी.
"भाजी कशी करता?"
आई करते. पडवळातल्या बिया आणि गर काढून टाकते. माठाचे देठ टाकते, कोवळी पानंच शिजवून घोटते, चाळणीतून काढते. नारळाचा रस फडक्यातून दोनदा गाळते. चोथा कोंबड्यांना.
डॉक्टर म्हणाले, "म्हणजे तुमच्या उपयोगाचं सगळं कोंबड्या खातात." भात बंद आहे तो राहू दे, पण चोथा पोटात जायला हवा. देठांसकट पालेभाजी, भेंडी, शेंगा, खोबरं न गाळता. हळूहळू वाढवायचं. पाणी भरपूर.
"रक्त बहुतेक या कडकपणामुळेच. पण वय पन्नाशीचं, दुर्बिणीने आतून बघितलेलं बरं. घरी सांगितलंय का?"
नाही म्हटलं.
"का?"
काय सांगणार. आजारी माणसाच्या पोटाला जड नको, म्हणून ती गाळते. दादालाही शेवटी असंच द्यायची. एका मुलाचं तिने आपल्या अंगावर घेतलंच आहे. दुसऱ्याचं मी घालू?

१० नोव्हें., सोमवार
देवळात गेलो, आईही आली. गुरवाने पुढे बोलावलं. "सांग रे, काय गाऱ्हाणा तुझा?"
गाऱ्हाणं मोठ्याने सांगायचं असतं. सगळ्यांनी ऐकायचं आणि 'होय म्हाराजा' म्हणायचं. आई खांबाला टेकून बसली होती, माझ्याकडे बघत.
"आवशीक बरी ठेव," म्हटलं. आईचंच मागितलं, माझं नाही.
"होय म्हाराजा." त्यात तिचाही आवाज होता.
देव मनातलं ऐकतो असं लहानपणापासून मानत आलो. आज पहिल्यांदा शंका आली की नाही ऐकत.

१२ नोव्हें.
सकाळी परत. जास्त.
आई न्हाणीत होती. कोंबड्यांसाठी काढून ठेवलेला चोथा उभ्याउभ्याच मूठभर तोंडात भरला. कोरडा, नुसता भुसा. चावता चावता मागे वळलो तर ती दारात, ओले केस घेऊन.
"भुकेलंस तर मागाक काय झाला रे? कोंबड्यांचा खातंस?"
तोंड भरलेलंच होतं.

१३ नोव्हें.
दोन नारळ फोडले आज तिने. तांब्याभर सोलकढी, दुधासारखी मऊ. तीनदा गाळलेली. मी पिईपर्यंत समोर बसून राहिली.
"पोट भरला मां?"
"भरला."
स्वतः मात्र जेवली नाही नीट. माझ्या झिलाक मी उपाशी ठेवलंय, असं बाबल्याच्या बायकोजवळ बोलत होती. कुडाच्या अलीकडून ऐकलं.
न सांगूनही तिला त्रास होतोच आहे, मग

१६ नोव्हें.
सांगितलं.
दुपारी चुलीपाशी माठ निवडत बसली होती. समोर बसलो. "आये, माका रगात पडता. शौचाक."
हात थांबले. "कदीपासून?"
"म्हयनो होयत इलो."
डॉक्टर म्हणाले ते सगळं सांगितलं. चोथ्याचं आधी गाळणार होतो. पण ते सांगितल्याशिवाय जेवण बदलणार कसं? तेही सांगितलं. तिच्याकडे न बघता.
तिने हातातला देठ सुपात ठेवला. मग हळू आवाजात, "थोरल्याक पेज घातलंय, आणि तुका गाळून दिलंय."
नाही म्हणायला हवं होतं. तोंड उघडलं, पण ते खोटं तिच्यासमोर आता बोलवेना. "तुका म्हायत नव्हता, आये," एवढंच म्हटलं.
तिने पदराने डोळे नाही, नाक पुसलं. "दुर्बीण कदी?"
"बिरेस्तवारी. कुडाळाक."
"मी येतंय तुझ्यावांगडा."
"तू खंय बसतलंस तितको वेळ?"
"भायर बसान."
बरं म्हटलं. मग तिने सुपातला माठ परत पुढे ओढला, पण निवडला नाही. तशीच बसून राहिली. मीही.
आत काय निघेल ते गुरुवारी. तिला सांगून चांगलं केलं की तिच्या जिवाला घोर लावला, अजून कळत नाही. पण सांगितलं.