जमुनेच्या हाती वाचनाची वही

लिहून ठेवणार जानराव वल्द पुंजाराम, जात कुणबी, धंदा शेती, राहणार मौजे वलगाव, जिल्हा उमरावती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्याने मला दिसत नाही, पण बुद्धी शाबूत आहे. कोणी भरीस घातलेले नाही की धाक दाखवलेला नाही. माझ्यामागे काय कोणाचे व्हावे, ते गावचे पंतोजी केशवराव यांच्या हातून लिहवून ठेवीत आहे.

कलम पहिले. काळ्या रानाची शेती, बैलजोडी, गाडी आणि राहते घर मुलगा चंद्रभान याचे. त्याला शेतीतले सांगण्यासारखे माझ्याकडे काही उरलेले नाही. फक्त ढवळ्या बैल थकला तरी बाजारात नेऊ नये.

कलम दुसरे. पेढी नदीकाठचा मळा माझी सून, चंद्रभानाची बायको जमुना हिचा. त्याच्या उत्पन्नातून तिने पुस्तके, कागद, शाई आणि दिव्याचे तेल घ्यावे. ही गोष्ट चंद्रभाननेच सुचवली, म्हणून तिच्यावरून घरात तंटा होणार नाही.

कलम तिसरे. माझी सागवानी पेटी, तिच्यातली पुस्तके आणि वाचनाची वही जमुनेची. याचे कारण लिहिणे जरूर आहे.

अमेरिकेत लढाई जुंपली आणि आमच्या कापसाला सोन्याचे मोल आले, तेव्हा लोकांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या. मी उमरावतीच्या बाजारातून पुस्तके आणली. लोक हसले. वाचून झाले की मनात येईल ते मी वहीत लिहीत असे. एका बखरीविषयी लिहिले आहे की, लढाई छान रंगवली, पण इतक्या घोड्यांना कडबा कोणत्या गावाने दिला ते सांगितले नाही. पोथीत आणि पाद्र्याने बाजारात वाटलेल्या पुस्तकात, दोन्हींत शेजाऱ्यावर माया करावी असे निघाले. त्याखाली मी लिहिले, खुशालराव शेजारी नसता तर सोपे होते.

खुशालराव माझा धाकटा भाऊ. त्याचे घर आमच्या भिंतीला लागून. माझी नजर जाऊ लागली तेव्हा मी जमुनेला अक्षरे शिकवली. ती वाची, मी ऐके, आणि माझे म्हणणे ती वहीत उतरवी. सुनेने सासऱ्यापुढे बसून वाचावे हे खुशालरावाला खपले नाही. आम्ही एका नावाड्याच्या सफरीचे पुस्तक वाचत होतो. वादळात त्याचे तारू फुटले, तिथवर आलो होतो. खुशालराव आत आला, पुस्तक उचलले आणि दोन्ही घरांच्या सामाईक विहिरीत टाकले. मी दोन दिवस जेवलो नाही.

मग जमुना म्हणाली, "मामाजी, पुस्तक काढलं वरतं. वाळवलं. वाचता येते." ती पुढे वाचू लागली. नावाड्याची बहीण बापाची जुनी नाव घेऊन त्याला शोधायला निघाली. समुद्र कसा, तर पेढीला पूर आल्यावर पलीकडचा काठ दिसत नाही तसा. लिहिणाऱ्याला आमची पेढी कशी ठाऊक, असे मनात आले, पण मी बोललो नाही. गोष्ट थांबायला नको होती.

अकोल्याला आगगाडी आली, त्या साली चंद्रभान कामासाठी तिकडे गेला आणि तेच पुस्तक पुन्हा घेऊन आला. जमुनेने ते न उघडता माझ्यापुढे ठेवले.

"मामाजी, पयले आयकवलं ते पुस्तकातलं नव्हतं. ते पुस्तक विहिरीतच गाळ झालं. बाकीचं म्या माह्या मनानं रचलं."

"काहून?"

"तुमी जेवत नव्हते."

मी म्हटले, "आता ह्यातलं वाच."

तिने वाचले. पुस्तकातल्या नावाड्याला वाटेने जाणाऱ्या एका जहाजाने उचलले. जमुनेच्या गोष्टीत त्याला शोधायला घरचे माणूस निघाले होते. मला हीच खरी वाटली. तिच्याकडून ती सगळी वहीत लिहवून घेतली.

कलम चौथे. ती गोष्ट मुंबईच्या छापखान्यात छापावी. खर्च घरातल्या कापसातून व्हावा. पुस्तकावर माझे नाव नको, जमुनेचे घालावे.

कलम पाचवे. विहिरीतला माझा हिस्सा खुशालरावाला. अट एवढीच की तिच्यात पोहऱ्याखेरीज काही सोडू नये. माझा राग आता राहिलेला नाही.

विहीर सामाईक, म्हणून खुशालरावाला बोलावून हे सर्व वाचून दाखवले. तो उठून दारापर्यंत गेला आणि परत येऊन बसला. म्हणाला, "आमची सून आशाबाई भिंतीपल्याड बसून सारं आयकत होती. मले मालूम होतं." मग म्हणाला, "माही पोरगी पार्बता बी उद्यापासून जमुनेपाशी शिकाले बसन. हे बी लिहा, पंतोजी."

ते त्याच्या सांगण्यावरून लिहिले आहे.

मुक्काम वलगाव, माघ शुद्ध पंचमी, शके १७८९, प्रभवनाम संवत्सर.

जानराव वल्द पुंजाराम, सही दस्तुरखुद्द, हात धरून.
अक्षर केशवराव पंतोजी.
साक्ष नत्थुजी पाटील.
साक्ष खुशालराव वल्द पुंजाराम, निशाणी नांगर.