यादीतला खात्रीचा नंबर

२ मे
नगरपालिकेचा आपत्ती आराखडा नव्याने करायचं काम साहेबांनी माझ्यावर टाकलं. जुना सात वर्षांपूर्वीचा, तोही मीच लिहिलेला. त्यातले निम्मे लोक निवृत्त, दोघे देवाघरी. पंधरा दिवसांत संपवणार. शाळेतले गुरुजी म्हणायचे, अक्षर नेटकं तर निम्मं काम झालं. माझं अक्षर नेटकं आहे.

११ मे
मुखपृष्ठ तयार. अनुक्रमणिका तयार. फक्त संपर्क यादी राहिली. एकेचाळीस नंबर, आणि साहेब म्हणतात प्रत्येक लावून पाहा. हे काय माझं काम? आधी समास आखून घेतो.

१९ मे
नऊ फोन केले. बोटवाल्याने बोट विकली. जीपवाला उचलत नाही. अँब्युलन्सचा नंबर आता एका शिंप्याकडे आहे. म्हणाला, शर्ट बिघडला असेल तर या, माणूस बिघडला तर माझ्याकडे इलाज नाही. लोकांना गांभीर्य म्हणून नाही. त्याचा नंबर खोडला. जिथे माणूस मिळाला नाही तिथे तात्पुरता माझा मोबाइल घातला. कोरी जागा वाईट दिसते.

२७ मे
आक्काकडे गेलो. थोरली बहीण, एकटी, घर ओढ्याला लागून, त्यात गुडघे गेलेले. तिच्या दाराच्या आतून जुन्या आराखड्याचं पान अजून चिकटलेलं. मीच लावलं होतं. म्हटलं, फाडून टाक, नवं आणतो; पाणी चढलं की जीप न्यायला येईल, यादीत आहे. म्हणाली, तुझ्या यादीला चाकं आहेत का रे? आणि पान राहू दे, मागे दाराला भोक आहे.

४ जून
देवाचं नाव घेऊन आराखडा सादर केला. प्रत्येक पानावर 'खात्री केली' असा शिक्का. सव्वीस जागी माझा नंबर. त्याची खात्री करावीच लागत नाही. हिला सांगितलं, आता सगळं देवावर. ही म्हणाली, त्याचा नंबर तरी लावून पाहिलात का? घरातही गांभीर्य नाही.

१८ जून, दुपारी चार
दोन दिवस पाऊस. ओढा चढला. साहेबांनी आराखडा उघडून जीपवाल्याला फोन लावला. माझा खिसा वाजला. मग बोटवाला. पुन्हा मी. अँब्युलन्स, मी. शाळेचं सभागृह उघडणारा, मी. साहेबांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. म्हटलं, एकच माणूस असला की गोंधळ होत नाही.

सव्वापाच
पोलीस, दवाखाना, पंपघर, सगळे मलाच बोट मागतात. मधेमधे आक्काचे मिस्ड कॉल. अकरा. परत लावावा तर दुसराच कोणी आत घुसतो. देवा, तिला सांभाळ.

१९ जून
आक्का सुखरूप. माझा फोन लागेना म्हणून तिने दारावरच्या पानातला अँब्युलन्सचा नंबर लावला. शिंप्याने दुकान बंद केलं, शेजाऱ्याचा टेम्पो मागितला आणि कमरेभर पाण्यातून तिला पाठीवर बाहेर आणलं. रात्री ती त्याच्या दुकानात कापडाच्या ताग्यांवर झोपली. मला म्हणाली, तुझं जुनं अक्षर वाचायला बरं होतं.

२० जून
साहेबांनी यादी परत दिली. सव्वीस ठिकाणी लाल रेघ. अँब्युलन्सपुढे शिंप्याचा नंबर लिहिला आणि या खेपेस लावून पाहिला. पहिल्याच रिंगला उचलला. कोण अडकलंय, त्याने विचारलं. म्हटलं, कोणी नाही, फक्त खात्री करतोय.