दामूमामाच्या अंगावरचा कोट

डोंबिवली, १२ फेब्रुवारी १९९१, संध्याकाळ

आज दामूमामाचं तेरावं झालं. आयुष्यात ज्याने कधी कोट घातला नाही, तो आज भिंतीवर कोट-टायमध्ये आहे.

फोटो माझा होता. खडवलीच्या नदीवर काढलेला, मामाचा एवढा एकच. अंगात बनियन, हात माझ्या खांद्यावर, तोंड उघडं टाकून हसतोय. मामेभाऊ सुरेशने मोठा करून आणतो म्हणून नेला. स्टुडिओवाल्याने मला कापून काढलं आणि मामाला कोट रंगवला. ओठसुद्धा मिटवले. हार घातलेला माणूस हसताना बरा दिसत नाही म्हणे!

"माझा फोटो कुठंय?" मी विचारलं.

"अरे, कापल्यावर टाकला असेल त्याने. तुझा दुसरा काढू की! बाबा कसे साहेब वाटतायत बघ."

साहेब! वागळे इस्टेटच्या कारखान्यात साहेबांना तोंडावर सुनावणारा माझा मामा. माझे वडील गेल्यावर मला ज्याने वाढवलं तो. उद्या त्याचा चेहरा आठवायला गेलो आणि हा कोटवालाच समोर आला तर? मी काय करणार?

मामी बराच वेळ बघत होती. मग हळूच म्हणाली, "कोणाचा रे हा फोटो?"

सुरेशला खिळा ठोकता येईना. मीच ठोकला. चौकट डावीकडे कलली होती, तीही मीच सरळ केली. का केली?

मागून पाहुणे म्हणाले, "हां, आता शोभतायत."